दोन मुलं, फुलटाइम लॉ आणि घरखर्च

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी 31 वर्षांची. दोन वर्षांपूर्वी मिस्टर अपघातात गेले, मुलगा 8 चा आणि मुलगी 4 ची, सध्या भावाकडे राहते. बीकॉम झालंय, सीईटी दिली आणि तीन वर्षांच्या एलएलबीला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशातून नंबर लागला. आम्ही ओबीसी. कॉलेज फुलटाइम म्हणून दुकानातली अकाउंटची नोकरी सोडावी लागेल. लाडकी बहीणचे 1500 येतात तेवढेच. शिकणाऱ्या आईसाठी सरकारची काही योजना आहे का? संजय गांधी निराधार योजनेचा फॉर्मपण भरू का? वहिनी काही बोलत नाही पण कळतं ना.
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : ताई, आधी नंबर लागल्याबद्दल अभिनंदन. आता खरं सांगते, 'शिकणारी आई' असा रकानाच आपल्याकडे कुठल्या फॉर्मवर नाही. तुमची फी विद्यार्थिनी म्हणून सुटेल आणि घरात जे काही येईल ते मुलांच्या नावाने येईल, दोन वेगळी ऑफिसं, दोन वेगळ्या फायली.

फीचं सोपं आहे. 2024-25 पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा गट) मुलींना व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी 100 टक्के माफ आहे, कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं आणि अ‍ॅडमिशन कॅपमधूनच हवी, म्हणजे कोणी म्हणालं मॅनेजमेंट कोट्यातून जवळचं कॉलेज मिळवून देतो तर अजिबात नाही! अर्ज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या वेबसाइटवर. बाकीची किरकोळ फी मात्र भरावी लागते, तेवढी बाजूला ठेवा. ओबीसींना लागणारं नॉन-क्रीमीलेअर सर्टिफिकेट तुमच्या आईवडिलांच्या उत्पन्नावर निघतं, सासरच्या नाही, तर सासरी कागद मागायला जायची गरज नाही. जातीचा दाखला माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असेल तर मॅरेज सर्टिफिकेट हाताशी ठेवा.

आणि आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते आजच बघा. माझ्या भाचीचे शिष्यवृत्तीचे पैसे 'जमा' दिसत होते आणि पासबुकात एक रुपया नाही, चार महिने बँकेच्या चकरा, शेवटी कळलं की पैसे लग्नाआधीच्या गावाकडच्या झिरो बॅलन्स खात्यात पडून होते कारण आधार तिथेच लिंक होतं. फॉर्मवर खातं कुठलंही लिहा, पैसे आधारच्या मागे जातात.

आता घरखर्च. तुमच्यासाठी सगळ्यात कामाची म्हणजे क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, आईवडिलांपैकी एक गेलेल्या मुलांना दर मुलामागे महिना 2250 रुपये, 18 वर्षांपर्यंत. दोघांचे मिळून 4500. एवढी मोठी रक्कम आणि निम्म्या बायकांना माहीतच नसते, याचा मला खरंच राग येतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे, मग घरी चौकशीला माणूस येतो आणि बालकल्याण समिती मंजूर करते. मृत्यू दाखला, तहसीलचा उत्पन्न दाखला, मुलांचे आधार, मुलाचा शाळेचा बोनाफाईड लागेल. शिवाय घरासमोर मुलांसोबत उभं राहून काढलेला फोटो, पोस्टकार्ड साइज. भावाचं घर म्हणून लाजू नका, राहता तिथलाच फोटो द्यायचा. पैसे दर महिन्याला एक तारखेला येतील असं मात्र धरू नका, दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, म्हणून दुकानातला पगार बंद व्हायच्या आधीच अर्ज टाका.

संजय गांधीचं विचारलंत. नका भरू. त्याला वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत लागतं, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून 1500 मिळत असतील तर लाडकी बहीण बंद होते. दोन्ही एकदम मिळत नाही, नंतर वसुलीची नोटीस आली तर कोण निस्तरणार.

मुलीला अंगणवाडीत घाला, पण ती काही तासच असते, कॉलेज सुटेपर्यंत पुरणार नाही, तेवढ्या वेळेपुरतं वहिनीला स्पष्ट विचारा, आणि बालसंगोपनातले थोडे पैसे दर महिन्याला तिच्या हातात ठेवा, भावाच्या नाही. कॉलेजात 'कमवा आणि शिका' असेल तर पहिल्याच आठवड्यात नाव द्या. तुम्हाला अकाउंट येतं, लायब्ररीत किंवा ऑफिसात तासावर काम मिळू शकतं. आणि दुकानवाल्या शेठना विचारून बघा ना, रविवारी येऊन जीएसटीचं तेवढं करून दिलं तर चालेल का?