प्रोबला हात लावण्याआधी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. अंडी देऊन थकलेल्या लेयर कोंबडीचं मांस चिवट म्हणून त्याला भाव मिळत नाही. त्यातली प्रथिनं अल्ट्रासाउंड आणि कोकमाच्या अर्काने सुधारता येतात का, हा प्रश्न तू घेतलास याचा मला मनापासून आनंद आहे. तू विचारलं आहेस की दोन्ही एकत्र दिल्यावर जेल (प्रथिनं तापवून घट्ट झालेला गोळा) ढासळलं, पाणी सोडू लागलं, तर अल्ट्रासाउंडची तीव्रता वाढवू का?

आत्ताच नको. आधी त्या बीकरचा पीएच मोज.

तुझ्या तक्त्यात शक्ती, वेळ, अर्काची टक्केवारी सगळं आहे. अर्क घातल्यानंतरचा पीएच मात्र कुठेच नाही. दुधात आगळ पडलं तर काय होतं हे कोकणातल्या कुठल्याही घरात विचार. सुक्या कोकमात हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल वजनाच्या 10 टक्क्यांहून अधिक भरतं. मायोसिन या स्नायूतल्या मुख्य प्रथिनाचा समविद्युत बिंदू 5.3 ते 5.5 च्या आसपास आहे. तिथे प्रथिनावरचे धन आणि ऋण भार सारखे होतात, रेणू एकमेकांना दूर ढकलायचे थांबतात, गोळा होतात आणि पाणी धरून ठेवत नाहीत. तुझ्या अर्काने मिश्रण त्या बिंदूकडे ओढलं असेल, तर जेल आम्लाने मोडलं आहे. अर्कातल्या पॉलिफिनॉलचा, म्हणजे वनस्पतीतल्या फिनॉल गटाच्या संयुगांचा, त्यात दोष असेलच असं नाही, अल्ट्रासाउंडचाही नाही.

म्हणून अर्क घातल्यावर सौम्य अल्कलीने पीएच परत सव्वासहाला आण आणि मग प्रोब (द्रवात बुडवून अल्ट्रासाउंड देणारी धातूची कांडी) लाव. लाल रंग फिका पडेल, जांभळट-तपकिरी होईल. घाबरू नकोस, कोकमातल्या अँथोसायनिनचा तो स्वभावच आहे. अल्कली घाईने ओतू नकोस. थेंब जिथे पडतो तिथे पीएच क्षणभर खूप वर जातो आणि फिनॉलचं हवेशी ऑक्सिडेशन होऊन क्विनोन, म्हणजे प्रथिनाला चिकटणारी संयुगं, बनतात. शिवाय नुसतं सायट्रिक आम्ल घालून, अर्काशिवाय, अर्काने पीएच जिथे उतरतो तिथेच आणलेला एक नमुना ठेव. त्या एका बीकरने तुझे दोन महिने वाचतील.

आता यंत्राबद्दल. पडद्यावर 60 टक्के दिसतं म्हणून तेवढी शक्ती द्रवात जाते असं समजू नकोस. बीकरमध्ये 100 मिलीलीटर पाणी घे, प्रोब चालू कर, तापमान किती चढतं ते बघ. मिनिटात 3 अंश चढलं, तर द्रवात सुमारे 21 वॅट गेले. प्रबंधात हा आकडा लिही. प्रोबच्या टोकावर बोट न फिरवता, बंद असताना, भिंगातून पाहा. टायटॅनियमला खड्डे पडलेले दिसले तर धातूचे कण तुझ्या नमुन्यात उतरताहेत आणि शक्तीही कमी झाली आहे.

बीकर बर्फात ठेव, प्रोब थांबत थांबत चालव, थर्मामीटर प्रथिनात बुडालेला असू दे. 20 किलोहर्ट्झचा ध्वनी द्रवात बुडबुडे तयार करतो. ते फुटतात तेव्हा त्या सूक्ष्म जागी काही हजार अंश तापमान आणि शेकडो वातावरणांचा दाब निर्माण होतो. त्या रेट्याने मायोसिनचे तंतू सुटे होतात, कण बारीक होतात, आत दडलेले गंधकयुक्त आणि जलविरोधी भाग उघडे पडतात. पाण्याचेही तुकडे होऊन हायड्रॉक्सिल मुक्तकं, म्हणजे अतिशय क्रियाशील कण, तयार होतात. थोडी असतील तर फिनॉलला प्रथिनाशी जोडायला ती मदत करतात. जास्त झाली की प्रथिनच ऑक्सिडाइझ होतं, सुटे झालेले तंतू पुन्हा गाठी धरतात. म्हणून वेळ वाढवत गेल्यावर आधी सुधारणा आणि मग घसरण दिसते, आणि म्हणूनच तीव्रता वाढवण्याची घाई मला पटत नाही. प्रोबचं टोक पृष्ठभागाजवळ ठेवून फेस आणलास तर हवेच्या सीमेवर मायोसिन उलगडून खराब होतं, ते वेगळंच. टोक दोन सेंटिमीटर तरी बुडालेलं असू दे.

पॉलिफिनॉलचंही तसंच आहे. थोड्या मात्रेत ते प्रथिनांमध्ये दुवा होतं आणि मुक्तकं शोषून घेतं. मात्रा वाढली की क्विनोन गंधकाच्या जागा अडवून बसतात, मग तापवताना दोन गंधकांमधले डायसल्फाइड दुवे बांधायला जागाच उरत नाही. त्यामुळे ‘अर्क 0.5 टक्के’ असं लिहून चालणार नाही. एक ग्रॅम प्रथिनामागे किती मिलिग्रॅम फिनॉल, गॅलिक आम्ल या प्रमाण फिनॉलच्या तुलनेत, असं लिही.

आणि एलमनच्या चाचणीत थायोल (गंधकाचे मोकळे गट) कमी दिसले की ‘डायसल्फाइड वाढले’ असं लगेच लिहू नकोस. क्विनोननेही ते खाल्लेले असू शकतात. माझं असंच झालं होतं, प्रथिन मोजताना. डाळिंबाच्या सालीचा अर्क घातलेले नमुने मी लॉरी पद्धतीने, म्हणजे फोलिनच्या अभिकर्मकाने येणाऱ्या निळ्या रंगावरून, मोजत होते आणि दर वेळी प्रथिन वाढलेलं येई. मी आनंदात होते. तीन महिन्यांनी नुसता अर्क, प्रथिनाशिवाय, त्याच अभिकर्मकात घातला आणि नळी गडद निळी झाली. फोलिनचा अभिकर्मक फिनॉलशीच प्रतिक्रिया देतो, ही पुस्तकातली गोष्ट मला त्या दिवशी कळली. सगळे आकडे टाकून द्यावे लागले. फ्लुओरेसन्स (प्रथिनाची स्वतःची चमक) घेणार असशील तर तिथेही हे लक्षात ठेव. अर्क स्वतःच 280 नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, चमक घटलेली दिसते आणि आपण तिला बंध समजून बसतो.

या सगळ्याचा उपयोग काय, असं तुला घरी कोणी विचारलं तर कबाबाचा खिमा दाखव. मीठ घालून मळलं की तो चिकट होतो, सळईला धरतो. मीठ विरघळवून काढतं ते मायोसिन. नेहमीच्या सॉसेजमध्ये सुमारे 2 टक्के मीठ असतं. ते कमी केलं तर मायोसिन कमी निघतं आणि सॉसेज भुसभुशीत होतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. कमी मिठात तेच काम ध्वनीकडून करून घेता आलं, तर थकलेल्या कोंबडीला भाव मिळेल आणि खाणाऱ्याचं मीठही घटेल. चिवटपणा मात्र स्नायूंभोवतीच्या कोलॅजेनच्या बंधांचाही असतो. तुझं काम मायोफायब्रिलर (स्नायूतंतूंतल्या) प्रथिनांवर आहे, तेव्हा प्रबंधात ‘मांस मऊ झालं’ असा दावा करू नकोस. मऊपणासाठी आपल्या स्वयंपाकघरात कच्ची पपई आधीपासून आहे.

एक गोष्ट तुला आवडेल. हंगेरीच्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी 1936 मध्ये वनस्पतींतल्या फ्लॅव्होनॉइडना (हीसुद्धा पॉलिफिनॉलच) ‘व्हिटॅमिन पी’ म्हटलं. ते नाव टिकलं नाही. पुढे त्याच शहरात, युद्धाच्या वर्षांत, त्यांच्या प्रयोगशाळेत मायोसिन आणि त्याच्या जोडीच्या स्नायू-प्रथिनाचं, म्हणजे अ‍ॅक्टिनचं नातं उलगडलं, 1942 मध्ये त्यांचे सहकारी श्ट्राउब यांनी अ‍ॅक्टिन वेगळं काढलं. तुझ्या बीकरमधले दोन्ही पदार्थ एकाच माणसाच्या टेबलावर येऊन गेले आहेत.

पुढच्या आठवड्यात हे नमुने लाव: नुसतं प्रथिन, नुसता ध्वनी, नुसता अर्क, दोन्ही एकत्र, आधी ध्वनी आणि मग अर्क. आम्लाचा नमुना आहेच. शिवाय प्रोबने जेवढं तापमान चढतं तेवढंच ध्वनीशिवाय तापवलेला एक. आम्लाचा नमुना सोडून सगळ्यांचा पीएच सव्वासहा. तापवताना स्टोरेज मॉड्युलस, म्हणजे जेलचा ताठरपणा, 50 अंशांच्या पुढे खाली येऊन पुन्हा चढेल. तो खड्डा कुठे पडतो आणि किती खोल, त्याचा आलेख मला पाठव. पीएचचे आकडे सोबत हवेत, वहीतल्या पानाचा फोटो काढलास तरी चालेल.

तुझी,
मॅडम