आधी गळा विचार

चि. बाळा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

मोबाइलवरचा तुझा लांबलचक निरोप दोनदा वाचला. मला टाइप करायला जमत नाही, म्हणून वहीत लिहून तुझ्या काकूला फोटो काढायला सांगितला आहे. अक्षर लागलं नाही तर फोन कर.

नव्या दोन अंकी नाटकाला चाली द्यायचं बोलावणं आलंय आणि तुझे गुरुजी म्हणतात, नाटकाच्या नादी लागलास तर ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, हातचा जाईल. गुरुजींचा मान ठेव, त्यांना सांगितल्याशिवाय काही करू नकोस. पण मी काही तुझा गुरू नाही. मी पेटीवाला. चाळीस वर्षं गवयांच्या शेजारी बसून जे कानावर पडलं तेवढंच सांगतो.

गवई आणि नाटकांना चाली देणारे जितेंद्र अभिषेकीबुवा, त्यांच्याकडे बघ. गोव्यातल्या मंगेशीचा जन्म, साल १९२९. वडील बाळूबुवा कीर्तनकार, त्यामुळे शब्द आणि सूर घरातूनच एकत्र आले. पुढे गुरू गिरिजाबाई केळेकर, मग जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ, आणि जयपूर घराण्याच्या अल्लादियाखाँसाहेबांच्या परंपरेतल्या अनवट, म्हणजे क्वचित गायल्या जाणाऱ्या, रागांचा साठा ज्यांच्याकडे होता ते गुलुभाई जसदनवाला. इतक्या दारांशी बसलेला माणूस मुंबई आकाशवाणीत नोकरी करत होता, हे विसरू नकोस. आकाशवाणीत घड्याळ समोर असतं. पाच मिनिटांत गाणं संपवायचं म्हणजे संपवायचंच.

१९६४ साली त्यांच्या चालींचं संगीत नाटक ‘मत्स्यगंधा’ आलं. जुन्या संगीत नाटकात पद सुरू झालं की कथा बाजूला बसून राहायची; ‘वन्समोअर’वर रात्र उलटायची. (मला ती मजा हवीहवीशी वाटते, खोटं कशाला बोलू.) बुवांनी पद आटोपशीर केलं, प्रसंगाच्या आत बसवलं. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. रामदास कामतांच्या पदांत तानेला वाट ठेवलेली आहे, कारण त्या गळ्यात ती होती. आशालताबाईंच्या ‘गर्द सभोती रान साजणी’त शब्द पुढे आहेत, हरकती मोजक्या. नाटक एकच, संगीतकार एकच. मग ‘ययाति आणि देवयानी’, आणि १९६७ मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’. तिथे ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन निराळ्या चालींत आहे, गाण्याच्या दोन भांडणाऱ्या घराण्यांसाठी. नाटककार दारव्हेकरांच्या संवादातलं भांडण तुला कानानेच कळतं. वसंतराव देशपांडे खाँसाहेब म्हणून गाऊ लागले की ती चाल त्यांच्याच गळ्यातून उगवल्यासारखी वाटते. रागाचं व्याकरण तुलाही येतं. समोरच्याचा गळा ऐकून चाल बांधणं मात्र अजून शिकायचं आहे, आणि ते बैठकीत शिकता येत नाही. बैठकीत आपण फक्त आपल्या गळ्याचं बघतो.

ख्याल गेला का त्यांचा? मैफली चालूच राहिल्या, ‘श्यामरंग’ या नावाने बंदिशी बांधल्या, घरी शिष्य ठेवून शिकवलं. आणि पु. लं.ची चाल गायची वेळ आली तेव्हा ‘शब्दावाचून कळले सारे’ गाताना दुसऱ्याच्या चालीपुढे स्वतःची गवयेगिरी मिरवली नाही. ऐक एकदा, गवई म्हणून ऐक.

आता माझी फजिती. एका हौशी संस्थेच्या नाटकाला मी चाली दिल्या होत्या. पेटीवर माझीच बोटं, माझाच आवाज, काळी एक ही माझी पट्टी, म्हणजे सुराची उंची, धरून बसलो. अंतरा तार पंचमापर्यंत नेला, काय झोकदार वाटला! तालमीत नायिका त्या सुराशी पोचेचना. पट्टी उतरवली तर मुखडा इतका खाली गेला की तिसऱ्या रांगेत ऐकू येईना. त्यात प्रसंग असा, की ती जिना उतरून पळत येते आणि तिथेच पद सुरू. दम लागलेल्या बाईच्या तोंडी मी लांबलचक आलाप घातला होता! प्रयोगाच्या आदल्या दिवशी पद काढून टाकलं. दिग्दर्शकाने मला एक शब्दही ऐकवला नाही, ते जास्त लागलं.

तेव्हा बोलावणं घे. पण पहिली बैठक तंबोरा घेऊन करू नकोस. तालमीला नुसता जा, मागे बस. कोण किती पळतं, कोणाचा श्वास कुठे तुटतो, कोणाला ‘ळ’ म्हणताना जीभ अडखळते, वहीत लिही. मग कवीशी बस. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, त्यांचा महत्त्वाचा शब्द येतो की भरतीचा, एवढं बघितलंस तरी अर्धं काम झालं. ताना शेवटी, आणि त्याही मागितल्या तर.

बिदागीचं लेखी घे. लाजू नकोस. चाल पुढे दुसरीकडे वापरायची झाली तर कोणाला विचारायचं, तेही त्याच कागदावर. आम्ही लाजलो, म्हणून सांगतो.

पहाटेचा रियाज मोडायचा नाही. तालमी रात्री अकराला सुटतात, हे सगळे रियाज न करण्याचं कारण म्हणून सांगतात. तू सांगू नकोस. गुरुजींनाही पहिल्या प्रयोगाऐवजी तालमीलाच बोलाव. प्रयोगाला बोलावलंस तर ते परीक्षक होतील, तालमीला बोलावलंस तर चूक काढून देतील.

रविवारी ये, पेटी काढून ठेवतो. येताना त्या नायिकेची पट्टी विचारून ये. नाही विचारलीस तर नुसता चहा पिऊन परत जाशील.

तुझा,
पेटीवाले काका