भिंतीला रंग नंतर, आधी पाण्याची वाट बघा

चवथ झाली, पाऊस ओसरू लागला की गोव्यातल्या जुन्या घरांची पत्रं यायला लागतात. यंदा बहुतेक पत्रं नवरा-बायकोनं मिळून लिहिलेली आहेत. कुणी निवृत्त होऊन मूळ घरी परतलंय, कुणी मुंबईची नोकरी सोडून. सगळ्यांनाच उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यांचा उपयोग इतरांनाही होईल असे प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न: माशेलजवळ आमचं शंभरेक वर्षांचं चिऱ्यांचं घर आहे. मागच्या वर्षी आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, वर महागाचा वॉटरप्रूफ रंग दिला. या पावसात भिंतींना कमरेपर्यंत फुगे आले, पांढरी बुरशी धरली, पोपडे पडताहेत. गवंडी म्हणतो, केमिकल घालून आणखी एक थर मारू. मारू का?

नका मारू. गवंड्याला थांबवा आणि पैसे वाचवा.

आधी ती पांढरी भुकटी बोटावर घेऊन वाटीभर पाण्यात टाका. विरघळली तर ती बुरशी नव्हे, लोणा आहे, म्हणजे क्षार. माझ्या मते तुमच्याकडे लोणाच निघेल. आपला चिरा, म्हणजे जांभा, हा सच्छिद्र दगड, जमिनीतली ओल तो वर ओढत राहतो. जुन्या लोकांनी हे ओळखूनच मातीत किंवा चुन्यात चिरे बांधले आणि वर चुन्याचा गिलावा दिला. चुन्यातून ओल बाहेर पडते, ऊन लागलं की उडून जाते. तुम्ही सिमेंटनं ती वाट बुजवली आणि रंगानं उरलीसुरली भोकंही बंद केली. आता ओल भिंतीतच वर चढते आणि जिथे फट मिळेल तिथून निघते. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे वाढतात आणि गिलाव्याला आतून ढकलून पाडतात.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी माहेरी पाहिलं. मी नुकतीच शिकून बाहेर पडले होते. वडिलांनी ठेकेदाराला विचारलं, त्यानं सिमेंट सुचवलं, मीही मान डोलावली. तिसऱ्या पावसाळ्यात देवखोलीच्या बाहेरच्या भिंतीवरून परातीएवढा पापुद्रा खाली आला. मी तो उलटा करून पाहिला, तर मागे बोटभर जाडीचा लाल भुगा चिकटलेला. सिमेंट पडताना चिऱ्याचं कातडं सोबत घेऊन आलं होतं. हात लावला तर भिंत पिठासारखी झडत होती. ती भिंत मी आजही विसरलेले नाही, म्हणून इतकं कळकळीनं सांगते.

आता काय करायचं? पुढच्या जोराच्या सरीत छत्री घेऊन दोघांनी घराभोवती एक फेरी मारा. पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं, तिथून कुठे जातं, कुठे साचतं, ते बघा. माझ्या अनुभवात जुन्या घराचं निम्मं दुखणं इथेच असतं. अंगणात पेव्हर बसवताना पातळी चढलेली असते. दर वेळी डांबर घालून रस्ता उंचावतो आणि घर खाली राहतं. एके काळी दोन पायऱ्या चढून ओसरीवर यायचो, आता एकच उरली, असं झालंय का? तसं असेल तर अंगण जोत्यापेक्षा निदान अर्धा फूट खाली न्या आणि उतार घरापासून बाहेर द्या. पायाला लागून खोल चर मात्र खणू नका. मातीत बांधलेला पाया उघडा पडला तर सरकतो.

ओल कुठे दिसते त्यावरूनही कळतं. खालून कमरेपर्यंत असेल तर ती जमिनीची. वरून उतरत असेल तर कौलांची. मधेच एखादा डाग असेल तर खिडकीची चौकट किंवा भिंतीतली नळाची पाइप तपासा.

पाणी वळवलं की सिमेंट काढा. छिन्नी-हातोडीनं, हळूहळू. ब्रेकर मशीन अजिबात नको, तिच्या हादऱ्यानं आतली माती सुटते. मग भिंत एक उन्हाळा उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसेल, पाहुणे विचारतील, पण तिला वाळू द्या. वाळताना वर येणारा लोणा कोरड्या ब्रशनं झाडत राहा, पाण्यानं धुऊ नका. त्यानंतर चुन्याचा गिलावा: एक भाग चांगला भिजवून मुरवलेला चुना, तीन भाग नदीची वाळू. समुद्राची वाळू घेतलीत तर मीठ स्वतःच्या हातानं भिंतीत भराल. थर पातळ, फार तर अर्धा इंच. पहिला नीट आवळला की दुसरा. कडक ऊन लागू देऊ नका, आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन्महिने घट्ट होत जातो, त्याला सिमेंटची घाई मानवत नाही. वर रंग चुन्याचाच. थोडी नीळ किंवा माती-रंग घातला की फार सुंदर दिसतो.

खर्च दोनदा होतोय, हे मला कळतं. तिसऱ्यांदा होऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

प्रश्न: डिचोली तालुक्यात आमचं राजांगणाचं, म्हणजे मधे चौक असलेलं घर आहे. हे म्हणतात, कौलं काढून सरळ स्लॅब घालू. शाकारायला माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात, दर जूनला बादल्या मांडाव्या लागतात. मला कौलंच हवीत. तुम्ही निवाडा करा.

यजमानांची तक्रार खरी आहे, उपाय मात्र चुकीचा आहे.

हिशेब बघा. मंगळुरी कौलं, रिपा, वासे धरून छपराचं वजन चौरस मीटरला साधारण ६५ किलो. पाच इंची काँक्रीटच्या स्लॅबचं नुसतं वजन तेवढ्याच जागेत ३०० किलोंच्या वर, म्हणजे जवळजवळ पाचपट. तुमच्या भिंती मातीत बांधलेल्या असतील तर त्यांनी असा भार कधी पेललेला नाही. मग ठेकेदार सांगतो, आत काँक्रीटचे खांब उभे करू. म्हणजे जुन्या घराच्या पोटात नवं घर बांधायचं. त्यासाठी नकाशा, परवाने सगळं नव्यानं लागतं, ती दुरुस्ती राहत नाही. शिवाय आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन मीटर पाऊस पडतो. सपाट स्लॅब तो किती वर्षं सोसतो, हे तुमच्या गावातल्या स्लॅबांवर नंतर चढवलेले पत्रे मोजून ठरवा.

तेव्हा कौलं ठेवा, पण नीट ठेवा. गळकं छप्पर म्हणजे फुटकी कौलं असं आपण धरून चालतो. खरं तर पुष्कळदा वासा वाकलेला असतो, त्यामुळे रिपांची ओळ खाली जाते आणि कौलांच्या खाचा एकमेकांत बसत नाहीत. तिथून वाऱ्याचा पाऊस आत शिरतो. म्हणून आधी लाकूड. वाशाचं भिंतीवर टेकलेलं टोक स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. कुजण्याची सुरुवात तिथेच होते, विशेषतः कुणी त्या टोकाभोवती सिमेंट भरलं असेल तर. अख्खा वासा बदलायची गरज क्वचित पडते. कुजलेला हात-दीड हात कापून माट्टीचा किंवा जुन्या सागाचा तुकडा तिरका जोड देऊन, बोल्ट मारून बसवता येतो. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा, हवा खेळू द्या.

कौल उतरवलं की उलटं करून छाप वाचा. मंगळुरात बासेल मिशनचा कारखाना १८६५ च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे बरेच झाले. प्रत्येकाचा साचा थोडा निराळा, त्यामुळे एकाचं कौल दुसऱ्याच्या खाचेत बसेलच असं नाही. नवं-जुनं मिसळलं की गळती ठरलेली. उतरवतानाच छापाप्रमाणे ढीग लावा, एका बाजूच्या उताराला एकाच छापाची कौलं घाला आणि नवी हवीच असतील तर ती मागच्या उताराला. चौरस मीटरला साधारण पंधरा लागतात. मोडतोडीसाठी शे-दोनशे जास्तीची माळ्यावर ठेवा.

माकडांसाठी छपरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या मे महिन्याआधी छाटा, उडी मारायला जागाच उरली नाही की त्यांची वाट बदलते. माणसांचा प्रश्न उरतो. तुमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, कौलारू घरं चार-पाच तरी असतील. सगळ्यांनी मिळून एकाच आठवड्यात एकच जोडी बोलवा. एका घरासाठी न येणारा माणूस पाच घरांसाठी येतो. आमच्या वाड्यावर गेली सहा वर्षं आम्ही असंच करतो.

प्रश्न: पेडण्याच्या घरात तुळईवर पिवळट भुगा पडतो. वाळवीचं औषध मारून घेतलं, तरी पडतोच.

ती वाळवी नसेल. नेहमीची, जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधत येते, भुगा गाळत नाही. बारीक गोल भोकं आणि खाली कोरडा भुगा दिसला तर लाकूड पोखरणारा किडा आहे, त्याचं औषध वेगळं. भोकांत पिचकारीनं बोरॅक्सवर्गीय औषध भरून घ्या आणि तुळई वाजवून पाहा. खणखणीत आवाज आला तर काळजी नको. भद्द आला तर आधी खाली टेकू द्या, मग सुताराला बोलवा. काजूच्या टरफलाचं तेल लावायची आपली जुनी रीत चांगली आहे, पण हातमोजे घालूनच. अंगाला लागलं तर कातडी भाजते.

प्रश्न: सत्तरीतल्या घराची जमीन अजून शेणानं सारवतो. आता गुडघे साथ देत नाहीत. फरशी घालायची तर कोणती? आणि वायरिंगही त्याच वेळी बदलावी का?

सारवण थांबवताय याचं अपराधीपण बाळगू नका. फक्त चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी घालू नका. तिच्यातून ओल वर येत नाही, मग ती कडेला सरकून भिंतीत चढते आणि पहिल्या प्रश्नातलं दुखणं तुमच्याकडे सुरू होतं. वरची माती काढा, चिऱ्यांचे तुकडे आणि खडी यांचा चार-सहा इंच थर धुमसून घ्या, वर चुन्याचा कोबा आणि त्यावर भाजक्या मातीच्या लाद्या. लाद्यांच्या सांध्यातही चुनाच भरा. पाय घसरत नाहीत, आणि उतारवयात त्याचं मोल फार.

वायरिंग होय, त्याच वेळी बदला. लाकडी पट्टीतल्या जुन्या तारांवर फ्रिज, गीझर, पाण्याचा पंप चालवणं धोक्याचं आहे. मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की प्रवाह तोडणारी कळ, आणि घराला स्वतंत्र अर्थिंग, यात एक रुपयाही वाचवू नका. मातीच्या भिंतीत आडव्या खाचा मारू देऊ नका, भिंत तिथून कमकुवत होते. पाइप बाहेरून, वाशांच्या कडेनं न्या.

प्रश्न: फोंड्याच्या घरात देवखोलीला फॉल्स सीलिंग करायचं आहे. सासूबाई म्हणतात, माटोळी कुठे बांधणार?

सासूबाईंचं ऐका. माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट. ती आणि तिच्यावरचे नारळ, सुपारीचे घोस, फळं-फळावळ, सगळं मिळून चांगलंच वजन होतं. जिप्समच्या पट्ट्या ते पेलणार नाहीत. देवखोली सोडून बाकीच्या खोल्यांना करा. देवखोलीलाही हवंच असेल तर तुळईतून थेट आलेले चार लोखंडी हूक सीलिंगच्या खाली काढून ठेवा. आणि कौलांखाली हवा जायला वाट ठेवा, नाहीतर वरचं लाकूड घामेजतं.

प्रश्न: घरपट्टी माझ्या यजमानांच्या नावावर येते, दुरुस्ती आम्हीच करणार. पण घर चार भावांचं आहे. कोणाला विचारायला हवं का?

हवं. घरपट्टी एकाच्या नावावर असली म्हणून घर त्याचं होत नाही. पंचायतीत दुरुस्तीचा परवाना मागायला जाल तेव्हा सहमालकांची संमती मागतील, ती आधीच लेखी घ्या. हिस्सा सोडून देण्याची किंवा विकण्याची गोष्ट निघाली तर गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे भावांबरोबर वहिनींच्याही सह्या लागतात. वाटणी झालेलीच नसेल तर मोठा पैसा ओतण्याआधी वकिलाकडून इन्व्हेंटरीचं, म्हणजे कोर्टातल्या वारसा-वाटणीच्या कारवाईचं बघून घ्या. आणि काम सुरू करण्याआधी चारही भावांना एकदा जेवायला बोलवा. सहीपेक्षा तेवढ्यानं जास्त काम होतं.

प्रश्न: आजीच्या काळच्या शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. निम्मे शिंपले काळे पडलेत, काही गळून पडलेत. काढून काचा बसवू?

कृपा करून काढू नका. या शिंपल्यांतून येणारा दुधाळ उजेड काचेतून येत नाही. काळे पडलेले बहुतेक नुसते मळलेले असतात. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. अॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर लावलात तर शिंपला विरघळेल, तो चुन्याचाच बनलेला आहे. नवे शिंपले मिळवणं आता सोपं नाही. जुवारीच्या मुखाजवळ चिखलीच्या खाडीत ते सापडतात, पण त्यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून घर मोडणाऱ्यांकडून जुन्या झडपा विकत घ्या, किंवा मागच्या खोलीची एक खिडकी उकलून तिचे शिंपले समोरच्या खिडकीला वापरा. पट्ट्यांच्या खाचा बारीक असतात, सुताराला घाई करू देऊ नका. तो काम करत असताना शेजारी बसा, निघालेला प्रत्येक शिंपला हातात घ्या आणि कापडात गुंडाळून ठेवा.