जुन्या फोल्डिंग कॅमेऱ्याची किंमत कशी ठरवावी?

आजोबांच्या ट्रंकेत झाइस आयकॉनचा फोल्डिंग कॅमेरा सापडला, तो सुमारे ९० वर्षांचा आहे, तर त्याचे किती पैसे येतील, असे आपण विचारले आहे. मी सोलापुरात बरीच वर्षे असे कॅमेरे जमवतो आणि सर्वांत आधी हेच सांगेन, की नुसत्या वयावरून किंमत ठरत नाही. कोडॅकचा व्हेस्ट पॉकेट १९१२ साली निघाला, म्हणजे तो आपल्या कॅमेऱ्याहून जुना. परंतु लाखांनी खपल्यामुळे तो आजही सहज मिळतो. उलट १९५० च्या सुमाराचा फोग्टलेंडर बेसा टू अपो-लॅन्थार भिंगाचा असेल, तर संग्राहक त्याला कितीतरी पट अधिक मोजतात.

म्हणून आधी कॅमेरा नेमका कोणता ते ओळखावे. चामड्यावर दाबून उमटवलेला क्रमांक ५२०/२ असेल, तर तो साधा इकॉन्टा. ५३०/२ असेल, तर १९३४ पासूनचा सुपर इकॉन्टा, ज्यात अंतर मोजण्याची सोय भिंगाशी जोडलेली असल्याने त्याला मागणी जास्त असते. मग भिंगाभोवतीचे कडे वाचावे. नोव्हार तीन काचांचे, टेसार चार काचांचे, आणि एवढ्या एका शब्दाने भावात मोठा फरक पडतो. हे दोन्ही कॅमेरे १२० ची फिल्म घेतात, जी अजून मिळते; ११६ ची फिल्म बंद झाल्यामुळे ती लागणारे कॅमेरे बहुधा शोभेपुरतेच घेतले जातात.

मागचे झाकण मात्र घाईने उघडू नये. लाल खिडकीतून कागद किंवा आकडा दिसला, तर आत आजोबांची फिल्म आहे, आणि ती कॅमेऱ्याहून मोलाची ठरू शकते.

कॅमेरा रिकामा असेल, तर रात्री दिवे मालवून भात्याच्या, म्हणजे भिंगामागच्या घड्यांच्या पडद्याच्या, आत मोबाइलचा टॉर्च धरावा. नव्या पेठेतल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानातून मी घेतलेला इकॉन्टा दिवसाउजेडी निर्दोष दिसत होता; अंधारात त्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांवर टाचणीच्या टोकाएवढे सात ठिपके उजळले, म्हणजे तिथे भोके पडली होती. आपल्या कोरड्या हवेत कोकणाच्या मानाने भिंगाला बुरशी कमी लागते, पण उन्हाळ्यात चामडे वाळून तडकते आणि शटरमधले जुने वंगण घट्ट होते. एक सेकंदावर लावलेले शटर मध्येच अडकले, तरी त्यात तेल मुळीच सोडू नये, कारण ते पात्यांवर पसरते आणि शटर कायमचे चिकटते.

भाव पाहताना लोकांनी मागितलेल्या किमती सोडून प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या किमती पाहाव्यात आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. भाता शाबूत असेल, तर विकण्यापूर्वी एक रोल जरूर काढावा; ५२०/२ मध्ये त्याचे आठ फोटो होतात, आणि ते समोर ठेवले की घेणारा फारशी घासाघीस करत नाही.