अठराचा आकडा आणि बारा टक्क्यांची गॅरंटी

*प्रश्न: यजमान ६१ वर्षांचे, वेर्ण्याच्या एका कंपनीतून निवृत्त. चार महिन्यांपूर्वी पित्तनलिकेच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. काढलेल्या १४ नोडपैकी (लसिका ग्रंथींपैकी) २ मध्ये आजार सापडला होता. गोळ्या चालू आहेत. रक्तातला सीए १९-९ हा कॅन्सरचा मार्कर आधी ६४० होता, आता १८, म्हणजे नॉर्मल. २८ लाखांच्या एफडी आहेत, सगळ्या त्यांच्या नावे. पीएफची पेन्शन साडेचार हजार, गाळ्याचं भाडं नऊ हजार. ओळखीचे एजंट म्हणतात, पाच वर्षं दरसाल ५ लाख भरा, आठ वर्षं पूर्ण झाली की पुढे १५ वर्षं दरसाल ३ लाख. १२ टक्के गॅरंटीड आणि करमुक्त. कॅन्सर काढून टाकलाय, तेव्हा फॉर्मवर आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहा असंही सांगितलंय. पॉलिसी त्यांच्या नावे घ्यावी की माझ्या? रिपोर्ट चांगला आला आणि दीनदयाळ कार्डही आहे, म्हणून ६२ हजारांचा मेडिक्लेम यंदा भरला नाही. चेक शुक्रवारी द्यायचा आहे.*
*— एक वाचक, फोंडा*

ताई, पॉलिसी कोणाच्या नावे ते नंतर बघू. तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य वाचून मी चहाचा कप खाली ठेवला.

मेडिक्लेमची मुदत गेल्या महिन्याच्या २२ तारखेला संपली. वार्षिक पॉलिसीला त्यानंतर ३० दिवसांची सवलत असते. तेवढ्यात हप्ता गेला तर नऊ वर्षांची जुनी पॉलिसी तशीच पुढे चालते. मधल्या दिवसांचा खर्च मात्र मिळत नाही. कंपनी आधीच्या क्लेमचं कारण दाखवून नूतनीकरण नाकारू शकत नाही. एकदा पॉलिसी तुटली की कॅन्सर झालेल्या माणसाला नवी देणारी कंपनी शोधत फिरावं लागेल. मिळालीच तर जुन्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतील. म्हणून उत्तर छापून येण्याची वाट न बघता मी सोमवारीच तुम्हाला फोन केला. इथे लिहितोय ते तुमच्यासारखा विचार करणाऱ्या इतरांसाठी.

गोवा सरकारच्या आरोग्य योजनेचं दीनदयाळ कार्ड हवंच, ते सोडू नका. पण तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला त्यात वर्षाला अडीच लाखांचं कवच आहे, तेही ठरलेल्या उपचारांना. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बरंच काही होतं हे मला मान्य आहे. तरी आजार उलटला आणि इम्युनोथेरपीची वेळ आली, तर अडीच लाखांत किती दिवस निघतील ते विचारून बघा.

आता तो १८. मी डॉक्टर नाही, पण कॅन्सर झालेल्या घरांचे हिशेब बरीच वर्षं बघतोय. सीए १९-९ ची नॉर्मल मर्यादा साधारण ३७. हा मार्कर कॅन्सरने वाढतो, तसाच पित्त तुंबल्यानेही वाढतो. यजमानांना ऑपरेशनआधी कावीळ होती असं तुम्ही फोनवर म्हणालात. म्हणजे त्या ६४० मधले काही तुंबलेल्या पित्ताचे असणार, आणि वाट मोकळी झाल्यावर ते उतरणारच होते. ऑपरेशननंतर आकडा खाली येणं चांगलंच. वर राहिला असता तर काळजी जास्त होती. पण पुढचा अंदाज डॉक्टर बांधतात तो ऑपरेशनमध्ये काढलेल्या भागाच्या बायोप्सीच्या रिपोर्टवर: कडा साफ निघाल्या का, नोडमध्ये किती ठिकाणी सापडलं. तुमच्याकडे दोन ठिकाणी सापडलंय. हा आजार ऑपरेशननंतरही निम्म्याहून अधिक जणांत उलटतो, बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांत. लिहिताना जड जातंय. तुमचे यजमान उरलेल्यांत असोत, पण पैसे त्या आशेवर लावायचे नाहीत. आणि मार्कर नॉर्मल म्हणून स्कॅनची तारीख चुकवायची नाही.

म्हणजे आठ वर्षांनी पहिला रुपया देणारी योजना तुम्हाला विकायला एजंटला काहीच वाटलं नाही. १२ टक्के कुठून आले? ३ भागिले २५. आठ वर्षं पैसे अडकतात ती कुठे गेली, हे त्याला विचारा. २५ लाख भरून हप्त्याहप्त्याने ४५ लाख परत येतात. नीट मांडलं तर परतावा पावणेपाच टक्क्यांच्या आसपास. तुमची एफडी याहून जास्त देते! हप्ता नेमका ५ लाखच का, तर वर्षाचा एकूण हप्ता त्यावर गेला की करमुक्ती जाते. तुम्हाला मुळात करच लागत नाही. आणि २८ मधले २५ लाख गेल्यावर आठव्या वर्षापर्यंत घर साडेतेरा हजारांत चालणार का?

सगळ्यात वाईट तो ‘नाही’. लपवाछपवी दिसली तर विमा कंपनी पहिली तीन वर्षं पॉलिसीला आव्हान देऊ शकते. आजार उलटण्याचा धोका जास्त असतो तीही हीच वर्षं. सही तुमच्या माणसाची, कमिशन एजंटचं.

पॉलिसी कोणाच्याच नावे नको. १८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा, यजमान पहिले आणि तुम्ही जॉइंट. सध्या ८.२ टक्के आहेत, म्हणजे तिमाहीला ३७ हजारांच्या आत-बाहेर. लवकर मोडली तर दंड आहे, ठेवीदार गेल्यास नाही. उरलेले १० लाख कधीही मोडता येतील अशा एफडीत. मेडिक्लेमचे ६२ हजार त्याच्याच व्याजातून निघतील.

एक गोष्ट मी फोनवर खोदून विचारली तेव्हा कळली: चार एफडींपैकी दोनवर नॉमिनी अजून तुमच्या सासूबाई आहेत, आणि त्या जाऊन सहा वर्षं झाली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्याच्या कायद्याने यातला अर्धा वाटा तुमचा आहेच. पण तो सिद्ध करायला पुढे मुलगा-मुलीसकट कोर्टात इन्व्हेंटरी (वारसा-वाटणीचा दावा) करत बसावं लागेल, आणि तोवर बँक पैसे सोडणार नाही. चारही पावत्या जॉइंट करून घ्या, ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) लिहून, नॉमिनी मुलं. या कामाला त्यांची स्वतःची सही लागते. सध्या ते स्कूटरवर मागे बसून बाजारापर्यंत येतात असं म्हणालात, तर याच आठवड्यात बँकेत घेऊन जा.