फेब्रुवारी आला की मिस्टरांची धडधड वाढते, रिपोर्ट मात्र नॉर्मल. टेन्शनने खरंच असं होतं का?

हो ताई, होतं. मी डॉक्टर नाही, दिंडोरी तालुक्यातला द्राक्षवाला आहे. तुमची बाग निफाडकडे, माल काढायच्या तोंडावर आभाळ आलं की मिस्टरांची छाती धडधडते, पित्त होतं, रात्री तीनला उठून मोबाईलवर पाऊस बघतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्याकडेही दर सीझनला हेच चालतं.

'रिपोर्ट नॉर्मल, टेन्शन घेऊ नका' एवढ्यावर बोळवण झाली की माणूस आणखी चिडतो, कारण त्याला होणारा त्रास खराच असतो. धोका दिसला की काही सेकंदांत ॲड्रेनालिन हे हार्मोन सुटतं. ठोके वाढतात, रक्त पोटाकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे दुसरं हार्मोन येतं आणि रक्तातली साखर चढती ठेवतं. पळायला किंवा दोन हात करायला हे उत्तम. पण गारपिटीपासून पळणार कुठे, आणि व्यापाऱ्याकडे अडकलेल्या पेमेंटशी दोन हात करणार कसे? माल गाडीत भरून पैसे हातात पडेपर्यंत धोका संपतच नाही, म्हणून शरीर तयारीतच राहतं. मग अन्न पचत नाही, मान आखडते, झोप सारखी मोडते, साध्या गोष्टी विसरायला होतात, पोरांवर उगाच खेकसलं जातं. ताणावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ हान्स सेल्ये यांनी 1936 साली उंदरांच्या प्रयोगांतून हेच मांडलं होतं: त्रास वेगवेगळे दिले, तरी शरीरातले बदल एकाच साच्यातले निघाले.

एक मात्र आधी बघा. धडधड, घाम, मळमळ, पोटात कळा हे फवारणीच्या दिवशीच होतं का? तसं असेल तर ती फवारणीच्या औषधाची विषबाधा असू शकते. जे मारलं त्याचं लेबल डॉक्टरांना दाखवा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, तर जुना ईसीजी धरून बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आता उपाय. 'शांत व्हा' म्हणून ठोके उतरत नाहीत, श्वासाने उतरतात, कारण श्वास सोडताना ठोका मंदावतो. चार मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा, असं पाच मिनिटं. प्राणायाम म्हटलं की आपली माणसं हसतात, तर नाव न घेता करायला लावा. फवारणी नसेल तेव्हा, काम झाल्यावर, ट्रॅक्टर बंद करून, तिथेच सीटवर.

हवामान संध्याकाळी एकदा बघायचं, मग मोबाईल तुमच्या ताब्यात. पाऊस येणार हे रात्री तीनला कळून करणार काय? (थंडीत मणी तडकू नयेत म्हणून शेकोट्या पेटवायच्या रात्री वेगळ्या. तेव्हा जागायच्या पाळ्या आधीच लावून घ्या.) दुपारी चारनंतर चहा नको, त्यातलं निम्मं कॅफीन चार-पाच तासांनीही रक्तात असतं. झोपेसाठी थोडी 'घेत' असतील, तर तिनेच उत्तररात्री जाग येते, हेही सांगा.

दुकानाची उधारी, सोसायटीचं कर्ज, मजुरी हे सगळं दोघांनी बसून वहीत मांडा. आकडा मोठा निघाला तरी बँकेत जाऊन नेमकं काय मागायचं हे कळतं. एखाद्या सकाळी नांदूरमधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात घेऊन जा, चालणं होईल. बागायतदाराला पाखरं बघायला नेणं म्हणजे थट्टाच आहे म्हणा, पण तिथली पाखरं आपले घड खात नाहीत.

दोन-तीन आठवड्यांत फरक नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. तोवर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि 'जगून काय करायचं' अशी भाषा एकदाही कानावर आली असेल, तर थट्टेवारी नेऊ नका, सरळ विचारा. त्याच दिवशी फवारणीच्या औषधांच्या खोलीला कुलूप लावा, आणि किल्ली घरात न ठेवता दिराकडे नाहीतर शेजारी द्या.