उणे तापमानात गॅस कॅनिस्टरवरचा छोटा स्टोव्ह मंद का पडतो आणि कोणते इंधन घ्यावे?

स्टोव्ह बदलण्याआधी इंधन बदला: साध्या ब्युटेनऐवजी आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचे मिश्रण असलेले कॅनिस्टर घेतल्यास उणे ५ अंश सेल्सिअसच्या आसपास तुमची अडचण बहुतांशी दूर होईल. कॅनिस्टरमध्ये द्रवरूपात भरलेला वायू स्वतःच्याच बाष्पदाबाने (द्रवाचे बाष्प होताना निर्माण होणाऱ्या दाबाने) बर्नरपर्यंत पोहोचतो, आणि समुद्रसपाटीवर साधे ब्युटेन सुमारे उणे ०.५ अंशाला, आयसोब्युटेन सुमारे उणे १२ अंशांना, तर प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळते. त्यामुळे गोठणाऱ्या थंडीत साध्या ब्युटेनला बाहेर पडण्याइतका दाबच उरत नाही. शिवाय द्रवाचे बाष्प होताना कॅनिस्टर आणखी गार होते आणि मिश्रणातले प्रोपेन तुलनेने लवकर संपते, म्हणून भरलेल्या कॅनिस्टरवर उत्तम जळणारा स्टोव्ह अर्ध्या कॅनिस्टरवर त्याच थंडीत मंदावतो, आणि दोष मात्र स्टोव्हला दिला जातो. रात्री कॅनिस्टर स्टोव्हपासून सोडवून स्लीपिंग बॅगमध्ये ठेवावे आणि वापरताना ते उथळ भांड्यातल्या कोमट पाण्यात उभे करावे. ते ज्योतीवर किंवा उकळत्या पाण्यात कधीही तापवू नये, तसेच बर्नर थेट कॅनिस्टरवर बसत असेल तर त्याच्याभोवती चहूबाजूंनी आडोसा लावू नये, कारण कोंडलेल्या उष्णतेने कॅनिस्टर फुटू शकते. बंद तंबूत तर कोणताच स्टोव्ह पेटवू नये; जळताना तयार होणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मात्र उणे १० अंशांखाली अनेक दिवस राहायचे असेल, किंवा पाण्यासाठी रोज बर्फ वितळवायचा असेल, तर वजन वाढले तरी पंपाने दाब देता येणारा द्रव इंधनाचा स्टोव्हच घ्यावा.